फाइलवर फाइल सेव्ह झाली? आधी ती बंद करू नका

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास टायपिंगची दुकानं आहेत, तिथे नवीन प्रतिज्ञापत्र कोऱ्या पानावर सहसा सुरू होत नाही. आधीच्या कुणाचं तरी उघडायचं, नाव-पत्ता बदलायचा, तारीख बदलायची आणि प्रिंट द्यायची. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ऑफिसांतही हेच चालतं: मागच्या सभेचं इतिवृत्त उघडून त्यावरच नवं लिहायचं, मागच्या तिमाहीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्येच नवे आकडे भरायचे. पद्धत चुकीची नाही, वेळ वाचतो. फक्त मधेच बोटं सवयीने कंट्रोल एस दाबतात आणि जुनी फाइल त्याच नावाखाली नवी होऊन बसते.

मी एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवते. मजकूर गेल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत डिलीट झालेल्या फायली कमी आणि अशा ‘वरून सेव्ह झालेल्या’ जास्त असतात. डिलीट झालेली फाइल निदान रिसायकल बिनमध्ये सापडते. ओव्हरराइट झालेली तिथे कधीच जात नाही, कारण विंडोजच्या दृष्टीने काही पुसलंच गेलेलं नसतं. फाइल जागेवर आहे, नावही तेच आहे. म्हणून रिसायकल बिन उघडून ती रिकामी पाहिली की लोक हात टेकतात. इतक्यात हात टेकू नका. जुना मजकूर बऱ्याचदा कुठे ना कुठे शिल्लक असतो, फक्त शोधायचा क्रम बरोबर हवा.

फाइल अजून उघडी असेल तर

चूक लक्षात आल्यावर पहिली प्रतिक्रिया असते फाइल बंद करून परत उघडण्याची, नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करण्याची. नेमकं हेच करायचं नाही. वर्ड आणि एक्सेलमध्ये सेव्ह केल्यानंतरही अनडूची, म्हणजे केलेले बदल एकेक करून मागे घेण्याची साखळी तुटत नाही. ती तुटते फाइल बंद केल्यावर. म्हणजे खिडकी उघडी आहे तोवर तुम्ही मागे जाऊ शकता.

नेरुळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला होता. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे सोसायट्यांच्या हिशेबाची धांदल त्या दिवसांत शिगेला असते. काकांनी एप्रिल ते जूनची एक्सेल शीट उघडली, त्यात जुलै ते सप्टेंबरचे आकडे भरले आणि सेव्ह केलं. कोणाची किती थकबाकी, त्यावर किती व्याज, सगळं त्या जुन्या शीटमध्ये होतं.

“मॅडम, जूनची शीटच गेली हो. आता लॅपटॉप बंद करून चालू करतो, कदाचित येईल.”

“काका, थांबा. काहीही बंद करू नका. फाइल समोर उघडी आहे ना?”

“आहे.”

“मग कंट्रोल दाबून ठेवा आणि झेड दाबत राहा. एकेक आकडा मागे जाताना दिसेल.”

फोनवर थोडा वेळ फक्त कळांचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, “अहो, जूनचं दिसायला लागलं.” ते लगेच सेव्ह करायला निघाले होते. इथे मी त्यांना थोडं जोरात थांबवलं, कारण या टप्प्यावर कंट्रोल एस दाबलं की जुनं परत येतं आणि नवं जातं, आणि नव्या आकड्यांसाठीही त्यांनी दुपार घालवली होती. त्याऐवजी एफ बारा दाबायचं. सेव्ह ॲजची खिडकी उघडते. तिथे वेगळं नाव द्यायचं, म्हणजे ‘मेंटेनन्स एप्रिल-जून परत मिळालेली’ असं काही. झालं. नवे आकडे आधीच्या नावाच्या फाइलमध्ये डिस्कवर सुखरूप आहेत, कारण ते तर मघाशीच सेव्ह झाले होते. जुने आता दुसऱ्या नावाने आले. दोन्ही हातात आल्यावर सावकाश नावं नीट करून घ्यायची.

लॅपटॉपवर एफ बारा दाबल्यावर आवाज कमी-जास्त झाला किंवा भलतंच काही झालं तर एफएन कळ दाबून ठेवून एफ बारा दाबा, किंवा फाइल मेनूतून सेव्ह ॲज घ्या.

एक्सेलचे तीन खाचखळगे सांगून ठेवते. एक, मॅक्रो (म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांचा संच) चालवला की अनडूची साखळी पुसली जाते. दोन, शीटच डिलीट केली असेल तर ती अनडूने येत नाही. तीन, एकाच वेळी दोन-तीन वर्कबुक, म्हणजे एक्सेलच्या फायली, उघडी असतील तर कंट्रोल झेड सगळ्यांमधले बदल क्रमाने मागे घेतं, त्यामुळे भलत्याच फाइलमधले आकडे बदलताना दिसले तर घाबरू नका, पण त्या फाइलवर सेव्हही करू नका. शिवाय एक्सेल साधारण शंभर पायऱ्यांपर्यंतच मागे नेतं. दिवसभर भरलेली मोठी शीट असेल तर तेवढ्या पायऱ्या पुरत नाहीत.

अनडू पुरलं नाही तरी फाइल बंद करण्याआधी आणखी एक जागा बघा. फाइल मेनूत इन्फो उघडा. तिथे मॅनेज डॉक्युमेंट किंवा मॅनेज वर्कबुक असं बटण दिसेल. त्याच्या शेजारी ‘आज, अमुक वाजता, ऑटोरिकव्हरी’ अशा ओळी असतील तर त्या वर्ड-एक्सेलने मधल्या वेळात स्वतःहून काढलेल्या प्रती आहेत. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी अशी प्रत निघते. ओळीवर क्लिक केलं की ती प्रत वेगळी उघडते. वर पिवळ्या पट्टीत रिस्टोअर दिसेल, तो दाबायची घाई नको. आधी एफ बारा आणि नवीन नाव. फाइल नीट सेव्ह करून बंद केली की या ओळी सहसा नाहीशा होतात, म्हणूनच ‘बंद करू नका’ हे मी इतकं घोकते आहे.

फाइल बंद झाली असेल तर

आता प्रश्न एकच: फाइल होती कुठे? वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा), गूगल ड्राइव्हमध्ये, कॉम्प्युटरच्या सी किंवा डी ड्राइव्हवर, की पेन ड्राइव्हवर? उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बऱ्याच जणांना हेच माहीत नसतं, कारण नवीन लॅपटॉप घेतला की सुरुवातीच्या सेटअपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर नकळत वनड्राइव्हला जोडले जातात. फाइलच्या चिन्हाजवळ छोटा ढग किंवा हिरवी बरोबरची खूण दिसत असेल तर ती वनड्राइव्हमध्ये आहे, आणि ही चांगली बातमी आहे.

वनड्राइव्ह प्रत्येक फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं. घरगुती खात्यावर शेवटच्या २५. फाइलवर राइट क्लिक करून व्हर्जन हिस्टरी निवडा. विंडोज ११ मध्ये ते लगेच दिसलं नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये किंवा वनड्राइव्हच्या उपमेनूत बघा. तारीख-वेळेसकट यादी येते. चूक झाली त्याच्या आधीची वेळ शोधा आणि तिथे रिस्टोअरऐवजी डाउनलोड घ्या. रिस्टोअरने ती आवृत्ती चालू फाइलच्या जागी येते. डाउनलोडने वेगळी प्रत मिळते आणि नवं काम जागेवर राहतं. हा फरक लहान वाटतो, पण जुनं शोधण्याच्या नादात नवं घालवलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

गूगल डॉक्स किंवा गूगल शीट्समध्ये काम करत असाल तर तुम्ही सगळ्यांत सुरक्षित आहात. फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी, त्यात ‘सी व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारखा येतात, कोणी काय बदललं ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. हव्या त्या तारखेसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘मेक अ कॉपी’ घ्या. शीट्समध्ये एकाच घरातला (सेलमधला) आकडा कोणी बदलला एवढंच बघायचं असेल तर त्या घरावर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ पुरतं. कमिटीच्या पाच-सहा जणांनी मिळून भरलेल्या शीटमध्ये याचा फार उपयोग होतो. फाइल फक्त बघण्याची परवानगी असेल तर इतिहास दिसणार नाही. ज्यांच्या नावावर फाइल आहे त्यांनाच तो उघडायला सांगा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. गूगल ड्राइव्हमध्ये वर्डची किंवा एक्सेलची फाइल नुसती ठेवली असेल, म्हणजे ती गूगल डॉक्सच्या रूपात नसेल, तर जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्यापुरत्याच टिकतात. त्या बघायला ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडा, फाइलवर राइट क्लिक करा, फाइल इन्फर्मेशन आणि त्यात मॅनेज व्हर्जन्स. एखादी आवृत्ती कायम हवी असेल तर तिच्यासमोर ‘कीप फॉरेव्हर’ निवडता येतं. मार्चअखेरची ताळेबंदाची फाइल आणि सभेत मंजूर झालेलं इतिवृत्त यांना ही खूण लावून टाका.

फाइल कॉम्प्युटरवरच असेल तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि वर प्रिव्हियस व्हर्जन्स हा टॅब. फाइल हिस्टरी किंवा सिस्टिम प्रोटेक्शन या विंडोजच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या सोयी आहेत, त्यांतली एखादी आधीपासून चालू असेल तर इथे जुन्या प्रती दिसतात. फाइलवर काही दिसलं नाही तर तोच टॅब तिच्या फोल्डरवर उघडून बघा. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर मात्र हा टॅब रिकामा सापडतो, कारण फाइल हिस्टरी आपोआप चालू होत नाही, ती चालू करावी लागते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पेन ड्राइव्हची गोष्ट थोडक्यात: तिथे ना रिसायकल बिन, ना प्रिव्हियस व्हर्जन्स. म्हणून पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडून काम करू नका. आधी कॉम्प्युटरवर उतरवा, काम संपल्यावर परत टाका.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ची खूण आधीपासून असेल तर तुमची मागची प्रत डॉट बीएके या शेपटीने बॅकअपच्या फोल्डरमध्ये आहे. तो फोल्डर कुठे आहे ते त्याच ऑप्शन्समध्ये पाथ्सखाली कळतं.

जी प्रत तुम्ही विसरलात

वरचं सगळं करून काही मिळालं नाही तर कॉम्प्युटरवरून उठा आणि एक कागद घ्या. ही फाइल आजवर कोणाकोणाला गेली होती ते लिहा. माझा अनुभव असा, की जिथे सगळे तांत्रिक उपाय थकतात तिथे ही यादी कामाला येते. इतिवृत्त कमिटी मेंबरांना मेलने गेलं होतं का? बिलाची शीट ऑडिटरकडे गेली होती का? सिडकोच्या ऑफिसात द्यायचा हस्तांतराचा अर्ज वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता का? बेलापूरच्या एका ताईंचं भाडेकराराचं सगळं काम असंच परत मिळालं: त्यांच्याकडची फाइल गेली होती, पण एजंटच्या व्हॉट्सॲपमध्ये ती जशीच्या तशी पडून होती.

जीमेलमध्ये शोधायच्या पट्टीच्या उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. ‘हॅज अटॅचमेंट’ला खूण करा, समोरच्याचं नाव टाका, तारखेचा अंदाज द्या. सेंटमध्ये गेलेल्या मेलांतल्या अटॅचमेंटही यात येतात. व्हॉट्सॲपवर त्या माणसाच्या किंवा ग्रुपच्या नावावर टिचकी मारा. मीडिया, लिंक्स आणि डॉक्स असा भाग आहे, त्यातलं डॉक्स उघडा. तुमच्या फोनमधून फाइल साफ झाली असेल तर समोरच्याच्या फोनमध्ये असेल, त्यांना परत पाठवायला सांगा. फाइल मुळात तुम्हाला कोणी पाठवली असेल तर तुमचा डाउनलोड्स फोल्डर बघायला विसरू नका. एकच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे लावतं, त्यातली एखादी जुनी निघते.

फक्त पीडीएफ किंवा छापील कागद उरला असेल तरी पुन्हा टाइप करायला बसू नका. फोनने कागदाचा नीट, सरळ, चांगल्या उजेडात फोटो काढा आणि तो किंवा ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका. ब्राउझरमध्ये त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये गूगल डॉक्स निवडा. चित्रातली अक्षरं मजकुरात येतात, मराठीही येतात. जोडाक्षरं आणि आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात, विशेषतः रकमा, फ्लॅट नंबर आणि तारखा. पण दहा पानांचं काम अर्ध्या-पाऊण तासात होतं.

इथे मराठी फायलींची एक खास अडचण सांगायला हवी, कारण तिच्यापायी मिळालेली फाइल लोक फेकून देतात. टायपिंगच्या दुकानांत आणि जुन्या ऑफिसांत अजून श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये काम होतं. अशी फाइल ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टोप्या घातलेली अक्षरं असा गोंधळ दिसतो. वाटतं, फाइल खराब झाली. ती खराब नसते. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट मिळाला की मजकूर पूर्ववत दिसतो. जिथे ती टाइप झाली त्या कॉम्प्युटरवर उघडा, सगळा मजकूर निवडून मूळ फॉन्ट लावा. नंतर वेळ काढून तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरीच दिसणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, म्हणजे ही अडचण परत येणार नाही आणि फाइलमध्ये शोध घेता येईल.

रिकव्हरी सॉफ्टवेअर: कधी, आणि किती आशेने

मी हा उपाय मुद्दाम मागे ठेवला आहे. लोक मात्र पहिल्यांदा इथेच येतात, इंटरनेटवरून काहीतरी उतरवतात, ते त्याच ड्राइव्हवर बसवतात आणि उरलेली शक्यताही घालवतात.

वर्ड फाइल सेव्ह करताना जुन्या फाइलच्या अंगावर थेट लिहीत नाही. ते आधी नवी तात्पुरती फाइल तयार करतं, मग तिला मूळ नाव देतं आणि जुनी पुसतं. पुसलेल्या फाइलची जागा विंडोज ‘रिकामी’ म्हणून नोंदवतं, पण साध्या हार्ड डिस्कवर त्या जागेत दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. एखाद्या सोसायटीत फ्लॅट रिकामा झाल्यावर पाटी काढतात पण सामान अजून आत असतं, तसंच. नवा भाडेकरू आला की सामान गेलं. म्हणून ज्या ड्राइव्हवर फाइल होती त्यावर काहीही नवीन लिहायचं नाही: सॉफ्टवेअर बसवायचं नाही, सिनेमा उतरवायचा नाही, डीफ्रॅगमेंट तर मुळीच करायचं नाही. शक्य असेल तर कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून शोधा. मिळालेल्या फायली वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा.

साधनं फुकट मिळतात. रेकुव्हा नवख्यांना सोपं पडतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी आहे, पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. फोटोरेक नाव ऐकून फक्त फोटोंचं वाटतं, पण ते वर्ड-एक्सेलच्या फायलीही शोधतं. मात्र मूळ नावं परत मिळत नाहीत, शेकडो अनोळखी फायली उघडून बघत बसावं लागतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क) असेल, आणि अलीकडच्या बहुतेकांत असतेच, तर आशा कमी ठेवा. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते. पुसलेल्या फाइलची जागा डिस्क स्वतःहून साफ करून ठेवते, बऱ्याचदा लगेच. तिथे सॉफ्टवेअरला सापडायला काही उरत नाही. आणि फाइल कॉपी करताना ‘रिप्लेस द फाइल इन द डेस्टिनेशन’ला हो म्हटल्यामुळे ती गेली असेल, तर साध्या हार्ड डिस्कवरही खात्री नाही.

स्टेशनजवळच्या किंवा मॉलमधल्या दुकानात डिस्क द्यायची वेळ आली तर आधी तीन गोष्टी विचारा: काही मिळालं नाही तर पैसे किती, मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवणार का, आणि डेटाची प्रत ते स्वतःकडे ठेवणार का. सोसायटीच्या फायलींत मेंबरांचे आधार, पॅन, बँकेचे तपशील असतात. ते कोणाच्याही हाती सोपवायचे नसतात. ‘फॉरमॅट करून बघू’ असं कोणी म्हणालं तर डिस्क परत घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

सेव्ह करताना लक्ष ठेवा, असा सल्ला मी देत नाही. बोटांची सवय लक्षापेक्षा वेगवान असते. चूक सेव्हच्या क्षणी दिसते खरी, पण ती सुरू होते फाइल उघडताना. म्हणून बदल तिथेच करा: जुन्या फाइलवरून नवी करायची असेल तर आधी प्रत, मग उघडणं. फाइलवर क्लिक करून कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, मग एफ टू दाबून नवीन नाव. त्यानंतरच डबल क्लिक. उघडून मग सेव्ह ॲज करू, हा क्रम ठेवू नका, कारण मधे फोन वाजतो.

हल्ली तर हे जास्तच जरुरीचं झालं आहे. वनड्राइव्हमधली फाइल नव्या वर्ड-एक्सेलमध्ये उघडली की वर डावीकडे ऑटोसेव्ह चालू असतं. म्हणजे तुम्ही सेव्ह दाबलं नाहीत तरी पहिलं नाव बदलताच जुन्या फाइलमध्ये ते बदलतं. ‘मी सेव्ह केलंच नव्हतं, तरी गेलं’ असं कोणी सांगितलं की मी आधी हेच बघते. अशा वेळी मेनूत सेव्ह ॲजच्या जागी ‘सेव्ह अ कॉपी’ दिसतं. ते पहिला शब्द बदलण्याआधी वापरायचं.

जो मसुदा वारंवार लागतो, म्हणजे प्रतिज्ञापत्र, ना हरकत दाखला, सभेची नोटीस, तो टेम्प्लेट करून ठेवा. वर्डमध्ये फाइल उघडा, एफ बारा, आणि ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये वर्ड टेम्प्लेट निवडा. एक्सेलमध्ये एक्सेल टेम्प्लेट. अशा फाइलवर डबल क्लिक केलं की मूळ फाइल उघडतच नाही, तिची बिननावाची कोरी प्रत उघडते. कंट्रोल एस दाबलं तरी ती नाव विचारते. टायपिंगच्या दुकानात हा एक बदल केला तरी निम्म्याहून जास्त घोळ थांबतील असं मला मनापासून वाटतं. ज्या फायली आता बदलायच्याच नाहीत, जसं मंजूर इतिवृत्त किंवा ऑडिट झालेला हिशेब, त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ला खूण करा. उघडता येतील, पण सेव्ह करताना वर्ड वेगळं नाव मागेल.

वर्डमध्ये आणखी एक जुनी, उपयोगी सोय आहे: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि खाली सेव्हच्या भागात ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’. ती चालू असेल तर दर सेव्हला मागची प्रत त्याच फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूबीके शेपटीने राहते. एकच मागची प्रत राहते हे ध्यानात असू द्या. दोनदा सेव्ह दाबलं की तीही नवी होते.

नावांबद्दल एवढंच: तारीख पुढे, वर्ष आधी. ‘२०२५-०९-१४ वार्षिक सभा इतिवृत्त’. अशा फायली आपोआप क्रमाने लागतात आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ यांतली खरी कोणती हा प्रश्न उरत नाही.

आता फाइल हिस्टरी. एक बाहेरची हार्ड डिस्क लावा, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडा आणि ‘टर्न ऑन’ करा. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत काढते. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये हा वेळ १० मिनिटांपर्यंत खाली आणता येतो. आपल्याकडे सी ड्राइव्ह ‘विंडोजचा’ आणि डी ड्राइव्ह ‘आपला’ असं मानून सगळं काम डीवर ठेवायची पद्धत आहे. फाइल हिस्टरी मात्र डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागाच बघते. डीवरच्या फोल्डरची प्रत ती काढत नाही, आणि तसं सांगतही नाही. म्हणून डीवरच्या कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’मध्ये डॉक्युमेंट्स निवडा, विंडोज ११ मध्ये त्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडावं लागतं. मग तो फोल्डरही तिच्या कक्षेत येतो.

ती बाहेरची डिस्क कॉम्प्युटरशेजारच्याच कपाटात ठेवून भागत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी ठाण्यात पाहिला, त्यांना तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम भिजतात हे समजावून सांगावं लागत नाही. जगभर ३-२-१ असा नियम मानतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. सोसायटीसाठी याचा सोपा अर्थ असा, की एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर खजिनदारांच्या घरी, आणि एक गूगल ड्राइव्हमध्ये सोसायटीच्या खात्यावर. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, कागदपत्रांना ती भरपूर होते. हे खातं कोणा एका मेंबरच्या खासगी नावावर नको, कमिटी बदलली की पंचाईत होते. खजिनदारांच्या घरची डिस्क आठवड्यातून एकदा आणून लावायची. कायम जोडून ठेवली तर फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस तिच्यावरही जातो.

ड्राइव्हशी नुसतं सिंक होणं, म्हणजे इथला बदल तिथेही आपोआप होणं, हाच बॅकअप, असं समजून बसू नका. सिंक चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतं. वाचवतो तो आवृत्त्यांचा इतिहास, म्हणून तो उघडायचा कसा हे आजच एकदा करून बघा. डीवरच्या त्या फोल्डरमध्ये एक कच्ची वर्ड फाइल करा, दोन ओळी लिहा, सेव्ह करून बंद करा. फाइल हिस्टरीत जाऊन ‘रन नाऊ’ दाबा. मग फाइल उघडून त्या ओळी पुसा, दुसरं काहीतरी लिहा, सेव्ह करून बंद करा. आता राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रिव्हियस व्हर्जन्स. आधीची वेळ दिसली तर ‘रिस्टोअर’शेजारच्या बाणातून ‘रिस्टोअर टू’ निवडून ती दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवा आणि पहिल्या दोन ओळी आल्यात का ते वाचा. टॅब रिकामा असेल तर फोल्डर खरंच लायब्ररीत आला आहे का आणि बाहेरची डिस्क जोडलेली आहे का, हे दोन तपासून ‘रन नाऊ’ पुन्हा दाबा.